घोंगडं आधी की पट्टी?

पावसाळा लागला की कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी तापानं आडवं झालेलं असतं. आजीचं म्हणणं, घोंगडं पांघरा, घाम निघू दे. आई मात्र कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवते. खरं तर दोघींचंही बरोबर आहे, फक्त दोन्ही उपायांची वेळ वेगळी आहे.

तापमान किती ठेवायचं हे मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरवतो. जंतुसंसर्ग झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन वाढतं आणि ही नेमलेली पातळी ३७ अंशांवरून समजा ३९ वर जाते. मग ३७ अंशांचं अंगही मेंदूला थंड वाटू लागतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. अशा वेळी गार पट्टी ठेवली तर कापरं वाढतं, म्हणजे उष्णताही वाढते. तेव्हा पांघरूणच हवं. पुढे पॅरासिटामॉलमुळे किंवा आपोआप पातळी खाली आली की कातडी गरम लागते आणि घाम फुटतो. आता घोंगडं बाजूला करायचं. लहान मुलांच्या बाबतीत हे विसरूच नये, कारण गुंडाळून ठेवलेल्या बाळाच्या अंगातली उष्णता बाहेर पडत नाही.

जर्मनीत पोटऱ्यांना ओलं फडकं गुंडाळतात, पण पाय गरम असतील तरच. शरीरशास्त्राला इतका धरून असलेला घरगुती नियम मला दुसरा माहीत नाही. रशियात रासबेरीचा मुरंबा घातलेला गरम चहा पाजून घाम काढतात. जपानमध्ये पातळ भात आणि उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ देतात. आपल्याकडे मऊ भात-मेतकूट किंवा पेज असते, आणि मटण खाणाऱ्या घरात वाटीभर अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी. पदार्थ निरनिराळे, पण सगळ्यांतून पाणी पोटात जातं, आणि चहा सोडला तर मीठही. तापात घामावाटे आणि श्वासावाटे पाणी कमी होतं, म्हणून माझ्या मते पट्टीपेक्षा ही वाटी जास्त मोलाची.

जुन्या मराठी घरांत कपाळावर कोलन वॉटर या सुगंधी पाण्याच्या घड्या असायच्या. त्यात अल्कोहोल असतं. मुलांचं अंग अल्कोहोलनं पुसणं धोक्याचं आहे, ते कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं.

डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश ताप आला तर काढा-पट्टी करत न थांबता थेट डॉक्टर गाठा. मान आखडली, झटके आले, धाप लागली किंवा लघवी अगदी कमी झाली, तर मोठ्यांसाठीही हेच.