उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं?

‘घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, डिझेल वाचतं.’ हा सल्ला बसच्या केबिनपासून मोबाइलपर्यंत वर्षानुवर्षं फिरतोय.

पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरणारी बस डोळ्यांसमोर आणा. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलाय. आता चाकंच इंजिन फिरवतात. इंजिनचा वेग आयडलिंगच्या (गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं, त्या वेगाच्या) वर आहे तोवर इंजेक्टरमधून डिझेल जातच नाही. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून थोडं का होईना, डिझेल जाळावंच लागतं. हिशेब उलटाच!

समज अगदीच हवेतून आलेला नाही. कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या जुन्या गाड्यांत पाय काढला तरी पेट्रोल ओढलं जायचं.

खरा खर्च दिसतो तो वर्कशॉपमध्ये. इंजिनचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनर झिजतात, जळका वास सुटतो. फारच तापले तर पेडल दाबूनही गाडी नीट धरत नाही. काही जण तर इंजिनच बंद करतात. एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, हे तेव्हा विसरलं जातं.

पडताळायचंय? क्षणाक्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारी कार घ्या, आकडा शेजारच्याला बघायला सांगा. उतारावर गिअरमध्ये पाय काढला की आकडा टोकाला जातो. न्यूट्रलची तुलना मोकळ्या, हलक्या उतारावरच करा, घाटात नको. घाटासाठी जुन्या ड्रायव्हरांचा हिशेब सोपा आहे: ज्या गिअरमध्ये चढलो, त्यातच उतरायचं.