कृत्रिम बुद्धिमत्ता आणि प्रताधिकार : नाशिकच्या संदर्भात

कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे (मॉडेल) घडवताना पुस्तके, वृत्तपत्रे, छायाचित्रे आणि गाणी यांच्या प्रती वापरल्या जातात. त्यासाठी परवानगी आणि मोबदला लागतो का, यंत्राने तयार केलेल्या कृतीचा कर्ता कोण, माणसाचा आवाज वा चेहरा यंत्राने उचलला तर दाद कुठे मागायची, असे तीन प्रश्न त्यातून उभे राहिले. भारतात आवाज आणि चेहरा यांना संरक्षण लवकर मिळाले, लिहिलेल्या शब्दाचा प्रश्न मात्र रेंगाळला. नाशिकसारख्या लिहित्या-वाचत्या शहराच्या दृष्टीने ही तफावत गंभीर आहे.

भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम १९५७ चा. कृती निर्माण होताच हक्क मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. कुसुमाग्रजांचे निधन १० मार्च १९९९ रोजी नाशिकला झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता ३१ डिसेंबर २०५९ पर्यंत संरक्षित आहेत. भगूरला जन्मलेल्या वि. दा. सावरकरांच्या अशाच लेखनाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. चित्रपटाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे त्र्यंबकेश्वरचे सुपुत्र दादासाहेब फाळके यांचे मूकपट केव्हाच सर्वांसाठी खुले झाले. दर २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या कविता हजारो मोबाइलवर फिरतात, पण म्हणून त्या मोकळ्या होत नाहीत. ‘नेटवर मिळते म्हणजे घ्यायला हरकत नाही’ हा समज कायद्याला मान्य नाही. १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेतील जुने ग्रंथ संगणकावर आणतानाही प्रत्येक लेखकाचे मृत्युवर्ष पाहावे लागते.

खरा पेच कलम ५२ चा आहे. खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त अशा ठरावीक कारणांसाठी ते परवानगीशिवाय वापर करू देते. या यादीत यंत्राच्या प्रशिक्षणाचा उल्लेख नाही. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा न्यायालयाने चार प्रश्न निश्चित केले : प्रशिक्षणासाठी मजकूर साठवणे हा भंग आहे का, उत्तरे देताना तो वापरणे भंग आहे का, हा रास्त (परवानगीशिवाय चालणारा) वापर ठरतो का, आणि सर्व्हर परदेशात असताना भारतीय न्यायालयाला अधिकार पोहोचतो का. पुढे प्रकाशकांच्या संघटनाही यात उतरल्या. २०२५ अखेरपर्यंत अंतिम निकाल नव्हता. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा मानायला हवा, कारण त्याचे उत्तर नकारार्थी आले तर मराठी लेखकाला पहिले तीन प्रश्न मांडायला आपल्याकडे जागाच उरणार नाही.

परदेशी न्यायालयांतही एकमत नाही. लंडनच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये गेटी इमेजेस या छायाचित्रसंस्थेच्या दाव्यात, चित्रे साठवून न ठेवणारे प्रारूप म्हणजे बेकायदा प्रत नव्हे, असे ठरवले. त्यानंतर आठवडाभरात म्युनिकच्या न्यायालयाने गीमा या संगीत संस्थेच्या दाव्यात नेमका उलटा निष्कर्ष काढला : गाण्याचे शब्द प्रारूपाच्या स्मरणात जसेच्या तसे राहिले असतील तर ती प्रतच. अमेरिकेत जून २०२५ मध्ये अँथ्रोपिक या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीविरुद्धच्या खटल्यात, विकत घेतलेल्या पुस्तकांवरचे प्रशिक्षण रास्त वापर ठरले, पण चोरट्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या प्रतींचा साठा नाही. पुढे दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली, दर पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर. त्यात पात्र ठरायला अमेरिकी कार्यालयात वेळेत झालेली प्रताधिकार नोंदणी हवी होती. आपल्याकडे नोंदणी लागत नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्या मराठी प्रकाशकाला अशा तडजोडीत जागा मिळणे कठीण.

केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये एक कार्यपत्र मांडले. प्रशिक्षणासाठी सक्तीचा सरसकट परवाना, लेखकाला नकाराचा हक्क नाही, बदल्यात केंद्रीय संस्थेमार्फत मानधन, असा त्याचा गाभा. नॅसकॉम या तंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने असहमती नोंदवली. नकार देण्याचा हक्क काढून घ्यायचा असेल तर वाटपाचे माप आधी ठरले पाहिजे. ते केवळ मजकुराच्या आकारावर ठरले, तर इंग्रजीपुढे मराठीच्या वाट्याला फार थोडे येईल.

कर्ता कोण याचे उत्तर प्रताधिकार अधिनियमाच्या १९९४ च्या दुरुस्तीत आहे : संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारण ठरलेली व्यक्ती. ती सूचना देणारी की प्रारूप बनवणारी, हे मात्र त्यात स्पष्ट नाही. येवल्याच्या पैठणीवरचे मोर आणि आसावलीसारखे पारंपरिक नमुने कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. भौगोलिक मानांकन (जीआय) ‘पैठणी’ या नावाला संरक्षण देते. नवे नक्षीकाम असेल, तर ते आकृतिबंध (डिझाइन) अधिनियम २००० खाली नोंदवून घेणे श्रेयस्कर. नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या आकृतीवरचा प्रताधिकार, ती औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा वापरली की संपतो.

आवाजाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट भूमिका घेतली. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास मनाई झाली. नाशिक याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येते. फेब्रुवारी २०२६ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कृत्रिम दृक्‌श्राव्य मजकुरावर तसा उल्लेख सक्तीचा केला, आणि न्यायालयाचा वा शासनाचा आदेश मिळाल्यावर मजकूर हटवण्याची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणली. २०२७ च्या सिंहस्थात गोदाकाठी लाखोंची गर्दी असताना एखादी बनावट चित्रफीत घबराट पसरवू शकते; त्या परिस्थितीत हे ३ तासही थोडे नाहीत.

हक्कभंगाचा दावा लावण्यासाठी नाशिककराला दिल्ली गाठावी लागत नाही. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ६२ नुसार वादी जिथे राहतो वा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात तो लावता येतो. पुरावा म्हणून नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या संगणकीय खुणेसह) प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ लेखन केव्हा प्रसिद्ध झाले हे दाखवणारा अंक वा पुस्तक हाताशी असावे लागते.