अपलोड नेमके कुठे अडकते?

मोठी फाइल पाठवताना अपलोड रेंगाळले किंवा मध्येच तुटले, की कमी स्पीडला दोष देऊन अधिक एमबीपीएसचा (सेकंदाला मेगाबिट) प्लॅन घेतला जातो. परंतु जोडणीची क्षमता आणि प्रत्यक्ष मिळणारा वेग यांच्यामध्ये टीसीपी ही माहिती पाठवण्याची नियमावली असते आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय निदान होत नाही.

टीसीपी फाइलची सुमारे दीड हजार बाइटांची पॅकेट करते आणि पोच न आलेला किती मजकूर एका वेळी वाटेत असू द्यायचा, याची मर्यादा पाळते. या मर्यादेला विंडो म्हणतात. विंडो 64 किलोबाइटांची असेल आणि पोच यायला 200 मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला पाचच फेऱ्या होतात; मग प्लॅन 100 एमबीपीएसचा असला तरी वेग सुमारे 2.6 एमबीपीएसच्या पुढे जात नाही. आजची यंत्रे विंडो पुष्कळ वाढवू शकतात, पण पॅकेट हरवले की वाटेत गर्दी आहे असे मानून ती लगेच आखडली जाते. जुन्या रेनो पद्धतीत निम्म्यावर, नंतरच्या क्युबिक पद्धतीत सुमारे 70 टक्क्यांवर. ही सावधगिरी अनुभवातून आली आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे जेमतेम 400 यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला होता. त्यानंतर संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये गर्दी पाहून विंडो आखडण्याचे हे नियंत्रण मांडले.

प्रकाशीय तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणून 10 हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरची पोच 100 मिलिसेकंदांच्या आत येणे शक्यच नाही, आणि ‘इंटरनेट बूस्टर’ म्हणवणारे कोणतेही ॲप हे अंतर कमी करू शकत नाही.

निदानासाठी अपलोड चालू असतानाच पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा, चालवावे. एरवी 20 मिलिसेकंदांत येणारे उत्तर 800 वर गेले, तर राउटरमधील पॅकेटांची रांग तुंबली आहे. अपलोडचा वेग क्षमतेपेक्षा थोडा कमी बांधून दिला की ती मोकळी होते. उत्तरे वेळेत येतात पण काही गळतात, असे दिसले तर वायफाय सोडून केबल लावून पाहावी. जोडणी दर वेळी ठरावीक सेकंदांनी तुटत असेल, तर मधल्या एखाद्या यंत्रणेची कालमर्यादा संपत आहे. ठरावीक आकाराच्या पुढची प्रत्येक फाइल नाकारली जात असेल, तर सर्व्हरवरची आकारमर्यादा आड येत आहे, आणि तिथे घरचा प्लॅन बदलून काहीच फरक पडत नाही.