पु. ल. देशपांडे आणि बेळगाव

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (८ नोव्हेंबर १९१९ – १२ जून २०००) : मराठी विनोदी लेखक, नाटककार, संगीतकार, एकपात्री कलावंत आणि भारतीय दूरचित्रवाणीच्या पहिल्या निर्मात्यांपैकी एक. जन्म मुंबईचा, वाढ जोगेश्वरी आणि पार्ल्याची, शेवट पुण्यात. त्यामुळे पुलंवरचा मुंबई-पुण्याचा हक्क कोणी नाकारत नाही. सीमाभागातला वाचक मात्र आपला वाटा सोडायला तयार नसतो, आणि त्याची बाजू वाटते तितकी लंगडी नाही.

देशपांडे घराणे मूळचे चंदगड तालुक्यातल्या जंगमहट्टीचे. आज हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात दाखवतात. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते. बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढे मुंबई राज्याकडे राहिले. आईकडचे आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे ‘ऋग्वेदी’, कारवारचे. ‘गीतांजली’ मराठी अभंगांत आणणाऱ्या माणसाचे आडनाव दुभाषी असावे, हा योगायोग नातवाच्याच लेखणीला शोभणारा. थोडक्यात, दोन्हीकडची मुळे मराठी-कानडीच्या शिवेवरची.

पुलंचा बेळगावशी प्रत्यक्ष संबंध आला तो राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक म्हणून. टिळकवाडीतल्या या कॉलेजचे पूर्ण नाव गावात कोणी घेत नाही. रिक्षावाल्याला ‘आरपीडी’ म्हटले की पुरते. मुक्काम फार लांबला नाही. पुढे ते मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातही शिकवत होते आणि १९५५ मध्ये आकाशवाणीत गेले. चरित्रांत बेळगाव एका ओळीत आटोपते. ते चूकच आहे, कारण या गावाने पुलंना पगारापेक्षा मोठी गोष्ट दिली : रावसाहेब.

रावसाहेब म्हणजे बेळगावचे कृष्णराव हरिहर. नाटक, सिनेमा आणि गाणे यांत बुडालेला हा मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस गेल्यावर पुलंनी त्याचे शब्दचित्र लिहिले. ते ‘गणगोत’मध्ये आहे. रावसाहेबांचे मराठी कानडी ठेक्याचे, शिव्यांनी सढळ आणि लिंगव्यवस्थेची पर्वा न करणारे. पुलंनी स्वतः केलेले त्याचे कथन ध्वनिमुद्रित झाले आणि पुस्तक न उघडणाऱ्या घरांतही पोचले. पुण्यातला श्रोता पहिल्या शिवीला हसतो. बेळगावातला आधी हेल ओळखतो, मग हसतो.

ही गंमत कुठून येते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी : खुर्ची, टेबल, पंखा, बस, सारे ‘अदु’, म्हणजे ‘ते’. मराठीत खुर्ची ‘ती’, पंखा ‘तो’ आणि टेबल ‘ते’ का, याचे उत्तर मराठी माणसालाही देता येत नाही. मग कानडी घरातला माणूस मराठी बोलताना अंदाजाने लिंग लावतो आणि ‘तो खुर्ची’ उचलून ‘ती पंखा’खाली ठेवतो. उलट, बेळगावातल्या शहापूर-वडगावची मराठी बाई ‘मी बाजारला जाऊन आलो की ओ’ म्हणते, तेव्हा ती मुळीच चुकत नसते. ‘आलो’ हे बाईच्या तोंडी तिथले रुळलेले रूप आहे. वाक्याच्या शेवटचा ‘की’ आग्रह, होकार, रुसवा यांपैकी काहीही असू शकतो, हेलावरून ओळखायचा. पुलंच्या कानाने यातली सवय कुठली आणि चूक कुठली हे नेमके टिपले. नंतरच्या कित्येक विनोदी कार्यक्रमांत सीमाभागातला माणूस म्हणजे दर वाक्यामागे एक ‘की’ चिकटवलेला बावळट, एवढेच उरले. रावसाहेबांना हसता हसता वाचक त्यांच्या बाजूचा होतो. या नकलांत तसे होत नाही.

दूरचित्रवाणीतले पर्व बेळगावच्या नोकरीनंतरचे. भारतात प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. तेव्हा टीव्ही हा आकाशवाणीचाच एक कोपरा होता (दूरदर्शन वेगळे झाले ते १९७६ मध्ये), आणि आकाशवाणीतले पुलं त्या कोपऱ्यात पाठवलेल्या पहिल्या मंडळींत होते. त्यासाठी त्यांना बीबीसीकडे वर्षभर प्रशिक्षणाला धाडले. भारतीय दूरचित्रवाणीवर पंतप्रधान नेहरूंची पहिली मुलाखत पुलंनी घेतली. प्रक्षेपण आठवड्यातून दोनदा, थोडा वेळ, आणि तेही दिल्ली परिसरापुरते. मुंबई केंद्र आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि बेळगावातल्या कौलांवर अँटेना दिसू लागल्या त्याही नंतर. आपला प्राध्यापक टीव्हीत आहे हे गावाला कळले ते वर्तमानपत्रातून; पाहायला संच नव्हता.

सरकारी नोकरीत पुलं फार रमले नाहीत. विलायतेच्या वाऱ्यांतून दूरचित्रवाणीला जेवढे मिळाले त्याहून अधिक मराठी गद्याला मिळाले : ‘अपूर्वाई’ हे प्रवासवर्णन १९६० चे. पाठोपाठ ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आली. एकच माणूस, अख्खी चाळ, आणि प्रत्येक बिऱ्हाडाचा आवाज निराळा. निर्माता, लेखक, नट आणि कधी पेटीवाला एकाच अंगात असला की स्टुडिओची गरज पडत नाही. तसे ते १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’तच दिसले होते, कथा, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका पुलंचीच. त्यातला गदिमांचा ‘इंद्रायणी काठी’ हा अभंग पुलंच्या चालीवर गायला तो गदगच्या भीमसेन जोशींनी.

संगीतातले पुलंचे गणगोत बरेचसे कानडी मुलखातलेच. जिवलग मित्र कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांवर त्यांचे निस्सीम प्रेम. ही माणसे घरात कानडी, बैठकीत मराठी आणि बंदिशीत ब्रज बोलत. १९५६ नंतर महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरून मोर्चे, त्यावर नेमलेला महाजन आयोग आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा यांत हा भाग ढवळून निघाला, तरी गाण्याच्या बैठकीत हद्दीचा दगड कोणी रोवला नाही.

साहित्य अकादमी पुरस्कार (१९६५, ‘व्यक्ति आणि वल्ली’), इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद (१९७४), पद्मभूषण (१९९०) आणि पहिला महाराष्ट्र भूषण (१९९६) हे ठळक मान. पुलं १२ जून २००० रोजी पुण्यात वारले. सुनीताबाईंशी झालेल्या लग्नाचा तो चोपन्नावा वाढदिवस. बेळगावात त्याच वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, अध्यक्ष य. दि. फडके.