गेटवरचा गार्ड आणि मागावरचा गुप्तहेर: परवाना नक्की कुणाचा?

लालबागच्या मावशीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. "अरे, बघितलंस का? लायसन्सवाला डिटेक्टिव्ह आहे. सरकारी शिक्का आहे. पंधरा हजार ॲडव्हान्स मागतोय, देऊ ना?" मावसबहिणीला मुलुंडचं स्थळ आलं होतं. मुलाची नोकरी, आधीचं लग्न, कर्ज, सगळं गुपचूप काढून देतो असं त्या माणसाने सांगितलं होतं.

फोटो मोठा करून वाचला. कागद खरा होता, शिक्काही खरा. पण परवाना होता खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, 2005 खालचा. म्हणजे त्या कंपनीला सोसायट्यांना आणि ऑफिसांना गार्ड पुरवायची परवानगी होती. मुलुंडच्या मुलाची चौकशी करण्याशी त्या कागदाचा काडीचाही संबंध नव्हता.

मी वकिली करतो आणि माझी बरीच कामं वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात असतात. हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिलाय की आता सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. एकाच कंपनीची सिक्युरिटी आणि डिटेक्टिव्ह अशी दोन्ही कामं असतात, पाटी एकच असते, आणि भिंतीवरचा एक परवाना दोन्हींचा म्हणून खपतो.

आधी सिक्युरिटीचं बघू. धंद्यात या कायद्याला 'पसारा' म्हणतात, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून. त्यात 'खाजगी सुरक्षा' म्हणजे काय ते लिहिलंय: माणसाचं किंवा मालमत्तेचं रक्षण करणं, पहारा देणं. पैशांची चिलखती गाडीही त्यात येते. हे काम धंदा म्हणून करायचं तर राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याचा परवाना लागतोच. विनापरवाना केलं तर एक वर्षापर्यंत कैद, 25 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फी एका जिल्ह्यासाठी 5 हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत 10 हजार, सगळ्या राज्यासाठी 25 हजार. मुदत 5 वर्षं. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला, किंवा गैरवर्तनासाठी सरकारी नोकरीतून काढलेल्याला परवाना मिळत नाही.

गार्डसाठी वेगळ्या अटी आहेत. वय 18 पूर्ण आणि 65 च्या आत, चारित्र्य पडताळणी झालेली, आणि प्रशिक्षण पूर्ण. केंद्राच्या 2006 च्या नमुना नियमांत हे प्रशिक्षण वर्गातलं 100 तास आणि मैदानावरचं 60 तास धरलं होतं. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना कमी. एजन्सीने त्याला फोटोचं ओळखपत्र द्यायचं आणि परवान्याची प्रत ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावायची. पोलिसांसारखा किंवा लष्करासारखा गणवेश घातला तर तोही गुन्हा.

(मुंबईत 'मंडळाचे गार्ड' म्हणतात ते पुन्हा वेगळे. ते महाराष्ट्राच्या 1981 च्या सुरक्षा रक्षक कायद्याखालच्या मंडळाकडून येतात आणि तो कायदा मुख्यतः त्यांच्या रोजगाराचा आणि कल्याणाचा आहे. इथे तो विषय नाही.)

आता गुप्तहेर. भारतात खासगी गुप्तहेरासाठी परवानाच नाही. केंद्राचा नाही, महाराष्ट्राचा नाही, मुंबई पोलिसांचाही नाही. सरकारने ठरवलेली परीक्षा नाही, किमान शिक्षण नाही, वयाची अट नाही, सक्तीची पडताळणीही नाही. 2007 साली राज्यसभेत खाजगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचं विधेयक आलं होतं. केंद्रात आणि राज्यांत नियामक मंडळं, सक्तीचा परवाना, अशी त्यातली योजना होती. त्याचा कायदा झालाच नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्या बिल्डिंगच्या गेटवर बसून नुसतं रजिस्टर भरणाऱ्या माणसाची पडताळणी कायद्याने लागते. तुमच्या मुलीच्या होणाऱ्या नवऱ्यामागे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या माणसाची लागत नाही. मला हे फार चुकीचं वाटतं. घराघरातली गुपितं ज्यांच्या हातात जातात, त्यांना दारातून आत घेण्याआधी कुणीतरी तपासलेलं असावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

मग हे लोक 'लायसन्स' म्हणून दाखवतात काय? बहुतेक वेळा गुमास्ता. म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, जी किराणा दुकानालाही असते आणि सलूनलाही. त्यावरून इतकंच कळतं की अमुक पत्त्यावर अमुक नावाने धंदा चालतो. जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, कंपनी स्थापनेचं प्रमाणपत्र, हेही त्याच जातीचे कागद. एखाद्या संघटनेचं सदस्यत्व किंवा खासगी संस्थेचा डिप्लोमा असेल तर चांगलंच आहे, पण तो परवाना नव्हे. 'पोलीस मान्यताप्राप्त' असं कार्डावर छापलं असेल तर मी तिथूनच परत फिरेन.

परवाना नसला म्हणून गुप्तहेरी बेकायदा ठरत नाही. लोकांशी बोलणं, सार्वजनिक जागी निरीक्षण करणं, सगळ्यांना खुल्या असलेल्या सरकारी नोंदी पाहणं कुणालाही करता येतं. पण गुप्तहेराला सामान्य नागरिकापेक्षा एकही जादा अधिकार नाही, आणि लोक नेमकं हेच विसरतात. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 बघा, बाईचा पाठलाग करण्याबद्दलचं. त्यात गुन्हा रोखण्यासाठी किंवा शोधण्यासाठी केलेल्या पाठलागाला सूट आहे, पण ती सरकारने ज्याच्यावर ते काम सोपवलंय त्यालाच. खासगी डिटेक्टिव्ह त्यात बसत नाही. परिस्थिती बघता वागणं वाजवी होतं, असा बचाव त्याला घेता येईल, पण तो सिद्ध करावा लागेल. पोलीस असल्याची बतावणी हा तर सरळ गुन्हा आहे.

आणि सीडीआर, म्हणजे एखाद्याच्या फोन कॉल्सची नोंद. "कुणाशी किती वेळ बोलतो त्याची यादी काढून देतो," असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. पोलिसांनासुद्धा ती यादी वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फतच मागवावी लागते. 2018 साली ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर मिळवून विकणारी साखळी पकडली तेव्हा अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेर होते. अशी यादी पैसे देऊन मागवणारं गिऱ्हाईकही चौकशीत ओढलं जाऊ शकतं.

कोर्टात काय होतं तेही सांगतो. माझ्याकडे एक बाई जाडजूड फाइल घेऊन आल्या होत्या, साठ-सत्तर फोटो, सुबक बांधलेला अहवाल. अहवालावर सही होती ती नुसती 'टीम' म्हणून. फोटो कुणी काढले ते सांगायला माणूसच नव्हता. अहवाल म्हणजे आपोआप पुरावा होत नाही. ज्याने पाहिलं त्याने साक्षीला उभं राहायचं, उलटतपासणी सोसायची, आणि फोटो-व्हिडिओसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र द्यायचं. ती एजन्सी आता फोन उचलत नव्हती. बाईंचे पैसे गेले, आणि वर्षभर ज्या फाइलवर त्या विसंबल्या होत्या ती तशीच राहिली.

मावशीला मी ॲडव्हान्स थांबवायला सांगितलं आणि त्या माणसाला तीन गोष्टी लेखी विचारायला लावल्या. काम प्रत्यक्ष कोण करणार, त्याचं नाव आणि ओळखपत्र. माहिती कोणत्या मार्गाने काढणार. आणि गरज पडली तर साक्षीला कोण येणार. दोन दिवस उत्तर आलं नाही, मग "मॅडम, एवढं कुणी विचारत नाही" असा मेसेज आला.

दरम्यान आम्ही उघड्या नोंदी पाहिल्या. ई-कोर्ट्सवर नावाने खटले शोधता येतात. मुलगा एका कंपनीत भागीदार आहे असं सांगितलं होतं, ते कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर ताडून पाहिलं. काका त्याच्या ऑफिसात जाऊन आले, लपूनछपून नाही, ओळख सांगून.

तरी मावशीचं मन राहीना म्हणून परळच्या एका दुसऱ्या डिटेक्टिव्हकडे गेलो. तिने बसल्याबसल्या विचारलं, "तुमचं लायसन्स दाखवा." तो म्हणाला, "काकू, आमच्या कामाला लायसन्सच नसतं. गुमास्ता आहे, तो बघा. आणि फोनची यादी मी काढत नाही, ते आधीच सांगतो." मावशीने माझ्याकडे पाहिलं, पर्स उघडली आणि आधी त्याच्याकडून कामाच्या अटी कागदावर लिहून घेतल्या.