रंगपट्टीचं कॅलिब्रेशन: ग्राहकांसाठी माहिती

रंगपट्टी म्हणजे रंग बदलून तापमान दाखवणारी चिकटपट्टी, आणि कॅलिब्रेशन म्हणजे तिचा कोणता रंग किती अंशांचा ते मोजून ठरवणं. “तुमच्याकडे हिरवी दिसलेली पट्टी आमच्या शेडमध्ये निळसर कशी काय?” शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून असे फोन येतात. पट्टी बहुधा ठीक असते, बघण्याचा कोन बदललेला असतो.

पट्टीतल्या द्रव स्फटिकाचे रेणू गोल जिन्यासारखे पीळ घेऊन बसतात. तापलं की पीळ आवळतो आणि परत येणारा प्रकाश लालकडून हिरव्याकडे, मग निळ्याकडे सरकतो. (नळावर लाल म्हणजे गरम, इथे उलटं. नव्या पोराला हे आधीच सांगून ठेवा.) हा रंग शाईचा नव्हे, परावर्तनाचा आहे. म्हणून तिरकं बघितलं की तो निळ्याकडे झुकतो आणि दिवा बदलला की कॅमेऱ्याला वेगळाच दिसतो.

पट्टीचा कोड ‘आर ३५ सी ५ डब्ल्यू’ म्हणजे ३५ अंश सेल्सिअसला लाल सुरू, पुढे ५ अंशांवर, म्हणजे ४० ला, निळा सुरू. हा झाला ढोबळ आकडा. नेमक्या मापासाठी आम्ही पट्टी जाड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर चिकटवतो, ठोकळ्यात पीटी-१०० हा तापमान मोजणारा सेन्सर बसवतो आणि अर्ध्या-अर्ध्या अंशाने तापवतो. प्रत्येक टप्प्यावर तापमान स्थिरावू देऊनच फोटो घेतो आणि त्यावरून रंग-तापमानाचा तक्ता काढतो. घाई केली तर सेन्सर एक सांगतो, पट्टी दुसरंच. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स (दिव्याप्रमाणे रंग जुळवून घेणारी सेटिंग) पक्कं बांधलेलं असतं, ऑटोवर कधीच नाही.

तक्त्यात लाल ते हिरव्यापर्यंतचा भाग सगळ्यात भरवशाचा. तिथे थोड्या फरकानेही रंग पटकन बदलतो. निळ्यात तो रेंगाळतो, त्यामुळे निळ्यावरून अंश सांगायला आम्ही कचरतोच. तुमचं नेहमीचं तापमान हिरव्याच्या आसपास येईल अशी पट्टी निवडा. तक्ता तापतानाचा असतो. निवताना तोच रंग थोड्या वेगळ्या तापमानाला येतो, तेव्हा मापही तापतानाच घ्या.

ओतकामाच्या लालभडक कास्टिंगवर ही पट्टी लावू नका. साधारण १२० अंशांपुढे तिचं काम नाही. मोटरची बॉडी, बेअरिंग हाउसिंग, हायड्रॉलिक टाकी, पॅनेलचं दार इथे ती उत्तम. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन कमी आकडा दाखवते, तिथेही हीच चालते, कारण मागचा काळा थर तिच्यातच आहे, खालची चकाकी तिच्या रंगात मिसळत नाही.

पट्टी रॉकेलने किंवा थिनरने पुसू नका. आपल्याकडे सगळंच रॉकेलने पुसायची सवय, म्हणून मुद्दाम लिहितोय. उन्हातही ठेवू नका.

कॅलिब्रेशनला देताना जमल्यास तुमच्या शेडमधला दिवा आणि कॅमेरा सोबत आणा, आणि तुम्ही किती अंतरावरून, कोणत्या बाजूने बघता तेही सांगा. तक्ता त्याच मांडणीत काढून देऊ.