इम्मॉर्टल हल्क

अमेरिकेच्या मार्व्हल कॉमिक्सने २०१८ ते २०२१ या काळात प्रसिद्ध केलेली पन्नास अंकांची भयप्रधान चित्रकथामालिका. लेखन ॲल युइंग, मुख्य रेखाटन जो बेनेट, शाईकाम प्रामुख्याने रुई जोसे, रंग पॉल माउंट्स, मुखपृष्ठे ॲलेक्स रॉस. नायक ब्रूस बॅनर हा गॅमा किरणांच्या स्फोटात सापडलेला शास्त्रज्ञ. दिवसा त्याला कोणीही मारू शकते; रात्र पडली की त्याच्या प्रेतातून हल्क उठतो. मालिकेच्या नावातील अमरत्व ते हेच. पुण्यातील कॉमिक्सवाचकांत ही मालिका इंग्रजीतूनच वाचली जाते, पण तिच्याविषयीचे वाद मराठीत रंगतात. त्या वादांतील मराठी शब्दांनी कथेच्या अर्थावर वेगळा प्रकाश पडतो, म्हणून त्यांचा विचार येथे थोडा विस्ताराने केला आहे.

मूळ पात्र स्टॅन ली व जॅक कर्बी यांचे. त्याच्या पहिल्या अंकावर मे १९६२ असा महिना छापलेला असला, तरी त्या काळी अमेरिकन कॉमिक्सवर विक्रीच्या पुढचा महिना घालण्याची रीत होती. त्यामुळे अंक प्रत्यक्षात मार्चच्या सुमारास बाजारात आला असे मानणे योग्य. कल्पना कोणाची, यावर दोन मते आहेत. ली यांनी मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीतील निर्मित मानव (१८१८) आणि स्टीव्हन्सन यांचे जेकिल व हाइड (१८८६) यांचे ऋण मान्य केले. कर्बी यांनी मात्र मुलाला वाचवण्यासाठी मोटार उचलणारी एक आई आपण पाहिली आणि त्यातून हल्क सुचला, असे उत्तरायुष्यात सांगितले. आठवण बरीच उशिरा सांगितलेली असल्याने काही अभ्यासक ती दुय्यम ठरवतात. पण संकटात सापडलेल्या लेकरासाठी अंगात येणारे बळ ही कल्पना पुढच्या साठ वर्षांच्या कथानकाला जितकी लागू पडते, तितकी प्रयोगशाळेतील द्रावणाची पडत नाही. कर्बी यांच्या सांगण्याला त्यामुळे अधिक वजन द्यावेसे वाटते.

रंगाचा प्रश्नही असाच. पहिल्या अंकात हल्क करडा आहे. त्या वेळच्या छपाईत करडा रंग पानागणिक बदलू लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा आला, हे स्पष्टीकरण सर्वमान्य आहे. त्याहून महत्त्वाची, पण सहसा विसरली जाणारी बाब अशी की, पहिल्या अंकात बॅनरचे रूपांतर रागाने होत नाही, सूर्यास्ताने होते. ‘राग आला की हिरवा’ हा नियम नंतर रुळला. युइंग यांनी रात्र परत आणली, तेव्हा जुन्या वाचकांना तो नवा शोध वाटला. खरे तर ते मूळ पाठाकडे परतणे होते. सुरुवातीला भय दबून राहण्याचे एक कारण १९५४ मध्ये आलेली कॉमिक्सची आचारसंहिता हे असावे. तिने रक्तपात, चालती प्रेते, रक्तपिपासू आणि नरलांडगे यांवर बंदी घातली. १९७१ मध्ये ती सैल झाली. हल्क या बंदीच्या काळात जन्मला. त्याच्यातील राक्षस वाढला, प्रेत मात्र झाकलेले राहिले.

बॅनरच्या मनातील दुभंगाचा धागा १९८५ मध्ये लेखक बिल मँटलो यांनी पक्का केला : जुन्या हल्क मालिकेच्या ३१२व्या अंकात बॅनरचा बाप ब्रायन हा बायको-मुलावर अत्याचार करणारा दाखवला आणि राक्षसाचे मूळ गॅमा बॉम्बच्या आधीच्या बालपणात गेले. पीटर डेव्हिड यांनी १९८७ पासून सुमारे बारा वर्षे लेखन करताना करडा, हिरवा आणि बॅनर ही वेगवेगळी व्यक्तिमत्त्वे मानली आणि ३७७व्या अंकात (१९९१) संमोहनाच्या आधारे त्यांचे एकीकरण घडवले.

येथे शब्दांचा घोळ सोडवणे आवश्यक आहे. मराठीत अशा नायकाला सर्रास ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ म्हणतात आणि हाच शब्द बोलताना स्किझोफ्रेनियासाठीही वापरला जातो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये योजलेल्या त्या संज्ञेचा धात्वर्थ मन फाटणे असा असल्याने हा गैरसमज झाला; मराठी ‘छिन्नमनस्कता’ हा त्याचाच अनुवाद. परंतु त्या आजारात विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची सांगड तुटते, एका देहात अनेक माणसे नांदत नाहीत. हल्कला लागू पडणारे निदान वेगळे आहे. १९८० च्या अमेरिकन निदानसंहितेत ते बहुव्यक्तिमत्त्व या नावाने होते. १९९४ मध्ये त्याचे नाव बदलून ओळखीच्या विघटनावर भर देण्यात आला. बालपणातील दीर्घ छळाशी त्याचा संबंध जोडला जातो. कथेचा सगळा भार या छळावर असल्याने निदानाची गल्लत केली की कथाच हातातून निसटते. ‘याला येरवड्याला (म्हणजे तेथील मनोरुग्णालयात) पाठवा’ हे पुण्यात सहज तोंडी येणारे वाक्य हल्कच्या संदर्भातही ऐकू येते. ज्यांच्या घरात असा आजार आहे, त्यांना ते किती लागते याचा विचार वाचकांनी जरूर करावा.

युइंग यांच्या मालिकेत ‘डेव्हिल हल्क’ हे व्यक्तिमत्त्व केंद्रस्थानी येते. २००१ च्या सुमारास ते पूर्णपणे दुष्ट म्हणून अवतरले होते. येथे ते छोट्या ब्रूसने स्वतःसाठी घडवलेला बाप ठरते, मारणाऱ्या बापाच्या जागी प्रेम करणारा. जगाला तो भयंकर वाटतो, मुलाला मात्र त्याच्यापासून भय नाही. याच्या पलीकडे हिरवे दार, गॅमाग्रस्तांना मरणातून परत आणणारा अधोलोक आणि ज्यू गूढविद्येतील क्लिफॉथ (अशुद्ध, दुष्ट शक्ती) या कल्पनेशी जोडलेली तेथील सर्वनाशी शक्ती असा मोठा पसारा आहे. तिसऱ्या अंकात वेगवेगळ्या साक्षीदारांचे जबाब वेगवेगळ्या चित्रकारांच्या हातून येतात. आठव्या अंकात हल्कचे तुकडे बरण्यांत भरून ठेवलेले असतात आणि ते तुकडे पुन्हा एक होतात. दुभंग हा विषय इथे शब्दांतून सांगावा लागत नाही. तो देहावरच दिसतो.

वाचकांच्या मतांत मुख्य फूट इथेच पडते. एका गटाला पहिले पंचवीस अंक श्रेष्ठ वाटतात : रात्र, हायवे, पेट्रोल पंप, शवागार, मागावर असलेली बातमीदार जॅकी मॅकगी. विश्वाच्या अंतापर्यंत झेप घेणारा पंचविसावा अंक त्यांना कळस वाटतो आणि पुढचे सैल. दुसरा गट शेवटाच्या बाजूने उभा राहतो. उत्तर न देता क्षमेशी थांबलेला पन्नासावा अंक त्यांना संपूर्ण मालिकेचे समर्थन वाटतो. रॉक्सन या तेलकंपनीविरुद्धचे मधले प्रकरण दोन्ही गटांत थोडे उपेक्षित राहते, आणि ते अन्यायाचे आहे. बापाचा राग आणि कंपन्यांविरुद्धचा राग यांना लेखकाने एकाच मुळाशी बांधले आहे.

पुण्यातील वाचनाला स्थानिक पूर्वपीठिका आहे. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे फँटम हा मुखवटाधारी नायक मराठी घरात आला, आणि मराठी आवृत्तीत त्याचे नाव ‘वेताळ’ होते. नायकाला भुतांच्या राजाचे नाव देण्यात मराठी वाचकाला काही वावगे वाटले नाही, कारण वेताळ हा आपल्याकडे भीतीचा आणि राखणीचा देव एकाच वेळी आहे. शहरातील सर्वांत उंच टेकडीला त्याचेच नाव असून माथ्यावर त्याचे देऊळ आहे. अमावास्येच्या रात्री त्याची स्वारी भुतांच्या लवाजम्यासह निघते असा समज आहे. तरी गावोगाव शेंदूर फासून त्यालाच वेशीवर बसवतात. डेव्हिल हल्क राक्षस की राखणदार, हा इंग्रजी चर्चेतील पेच अशा वाचकाला फारसा अडत नाही.

दुसरी तुलना अश्वत्थाम्याशी होते. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा चिरंजीव लोककथांत आहे, आणि सातपुड्यातील अस्तंभा येथे दिवाळीच्या सुमारास त्याची यात्रा भरते. दोघांच्याही वाट्याला आलेले अमरत्व शापासारखे असल्याने साम्य खरेच जाणवते. फरकही तेवढाच मोठा : अश्वत्थाम्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकले, बॅनर स्वतःच मार खाल्लेले मूल आहे. त्यामुळे वेताळाची तुलना अधिक उपयोगी ठरते. मराठी भयकथेत नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘समर्थ’ या पात्राने रूढ केलेली मांडणी, म्हणजे बाहेरून आलेली दुष्ट शक्ती आणि तिला रोखणारा अधिकारी पुरुष, ज्यांच्या वाचनात मुरली आहे, त्यांना रोखणारा आणि रोखला जाणारा एकच देह आहे हे पचायला वेळ लागतो.

४३व्या अंकातील (२०२१) एका दुकानाच्या पाटीत व काचेवरील चिन्हात ज्यूविरोधी अर्थ निघतो, असा आक्षेप वाचकांनी घेतला. चित्रकाराने माफी मागितली आणि प्रकाशकाने पुढील आवृत्त्यांत ते चित्र दुरुस्त केले. ज्यू गूढविद्येवर उभ्या असलेल्या कथेत हे घडले, याचे वाचकांना विशेष वाईट वाटले. मालिकेचे दहा खंडांत संकलन झाले आहे. त्यामुळे सुटा ४३वा अंक आणि संकलित खंड शेजारी ठेवले, तर ते पान दोन्हींत सारखे दिसत नाही.